सरळ रेषेची खरेदी

मे महिन्यांतील एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर मी टेबलावर तीन यंत्रांचीं माहितीपत्रकें पसरून बसलों होतों. पत्रकें मोठीं देखणीं होतीं. गुळगुळीत कागद, निळसर पार्श्वभूमि, आणि दोन चकचकीत पोलादी दंडांच्या मधून गेलेली तांबडी प्रकाशरेषा. टेबल पुसावयाला आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं त्या चित्रांकडे पाहून विचारलें, "हें कसलें हो यंत्र?"

"दोन यंत्रांचे आंस एका रेषेंत आहेत कीं नाहींत, तें प्रकाशाच्या किरणानें मोजावयाचें साधन आहे," मीं सांगितलें.

"आणि आतांपर्यंत कोण मोजीत होतें?"

"आमचे मिस्त्री."

"मग यांतलें कोणतें घ्यायचें तें त्यांना विचारलेंत का?"

मी हंसलों. खरेदीचा निर्णय चीफ इंजिनियरनें घ्यावयाचा असतो, मिस्त्रीनें नव्हे, असें कांहींतरी मी बोललों असेन. परंतु त्या रात्रीं पत्रकांवरून माझें लक्ष उडालें तें उडालेंच. कारण त्या साध्या प्रश्नानें माझ्या एका दुखर्‍या जागेवर नेमकें बोट ठेवलें होतें. ती जागा कोणती, हें सांगण्यापूर्वीं वाचकांना थोडा वेळ यंत्रशाळेंत नेलें पाहिजे. तेथें तेलाचा वास येईल, त्याला माझा इलाज नाहीं.

ही गोष्ट २०१४ सालची. कृष्णाकांठच्या एका सहकारी साखर कारखान्यांत मी त्या वेळीं चीफ इंजिनियर होतों. अशा कारखान्यांत पंप, पंखे अशीं फिरणारीं यंत्रें जिकडे तिकडे असतात, आणि बहुतेकांची जोडी ठरलेली असते: एक फिरविणारी मोटर आणि एक फिरणारें यंत्र. दोहोंचे दंड समोरासमोर येतात आणि कपलिंग नांवाचा सांधा त्यांना जोडतो. हे दोन दंड एकाच सरळ रेषेंत असावे लागतात. एक किंचित् वर आणि दुसरा खालीं असला, किंवा दोहोंमध्यें थोडा कोन पडला, तरी यंत्र चालतें. आणि यांतच सारी फसवणूक आहे. एका जोखडाचे दोन बैल निरनिराळ्या दिशांना ओढूं लागले तरी गाडी कांहीं काळ पुढें जातेच. सोलून निघतात त्या माना. यंत्राच्या माना म्हणजे त्याचीं बेअरिंगें. गोळ्यांच्या बेअरिंगचा हिशेब तर फार निर्दय आहे. त्याच्यावरील भार दुप्पट झाला कीं त्याचें आयुष्य एक अष्टमांशावर येतें. मिनिटाला दीड हजार फेरे घेणार्‍या जोडीला खपणारी चूक साधारण ०.०६ ते ०.१० मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या एका केंसाच्या जाडीएवढी.

आमच्याकडे इंजेक्शन पंप म्हणून एक मोठा पंप होता. नांवावरून दवाखान्याची आठवण होते, पण त्याचें काम निराळें. उसाच्या रसाचा पाक आटवून साखरेचे दाणे पाडावयाचे ते उघड्या कढईंत नव्हे, तर हवा काढून घेतलेल्या बंद पॅनमध्यें. त्यामुळें पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो आणि करपत नाहीं. ही निर्वात स्थिति टिकते ती निघणार्‍या वाफेवर थंड पाण्याचा सतत मारा करून, आणि तें पाणी पुरवितो हा पंप. तो थांबला कीं पॅन थांबतें, पॅन थांबलें कीं रस तुंबतो, गाळप मंदावतें, आणि फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढूं लागते. तोडलेल्या उसांतील साखर तासागणिक घटत असते. गाडीवर बसलेला शेतकरी धुराड्याकडे पाहात असतो. आंत कोणत्या पंपाचें काय झालें आहे, याची त्याला काय वार्ता?

२०१३-१४ च्या हंगामांत या पंपाचें कपलिंगकडचें बेअरिंग जानेवारींत गेलें, आणि नवें बसविलेलें फेब्रुवारींत पुनः गेलें. राखीव पंप नेमका दुरुस्तीसाठीं उघडलेला होता. दुसर्‍या खेपेस नऊ तास गाळप बंद राहिलें. दुसर्‍या दिवशीं सकाळच्या बैठकींत, रात्रीच्या जागरणानें आणि वरून झालेल्या विचारपुशीनें चिडलेला मी चारचौघांदेखत म्हणालों, "मिस्त्री, पट्टी लावून अलाइनमेंट करायचे दिवस आतां गेले."

मिस्त्री त्या वेळीं पंचावन्न-छप्पन वर्षांचे असतील. शाळा सातवीपर्यंत, पण कारखान्यांत तीस हंगाम काढलेले. ते शांतपणें म्हणाले, "पट्टी नाहीं साहेब, डायल लावला होता. पाईप ओढतोय."

"पाईप गेल्या पावसाळ्यांत नवा टाकलाय," मी म्हणालों.

ते पुढें बोलले नाहींत. आणि संचालक मंडळापुढें किरणानें मोजणारें साधन घेण्याचा प्रस्ताव मी त्याच आठवड्यांत ठेवला. प्रस्तावांत 'मानवी चुका टाळण्यासाठीं' असे शब्द होते. ते माझे होते.

पट्टीची मी जी अशी वासलात लावली, ती अन्यायाची होती, हें येथेंच कबूल करतों. सरळ रेषेचा शोध हा कारागिराचा फार जुना ध्यास आहे. गवंड्याचा ओळंबा आणि सुताराचें सूत यांचें काम दुसरें काय असतें? आमच्या यंत्रशाळेंत इंचाच्या आठव्या भागाला अजूनहि 'सूत'च म्हणतात. कपलिंगच्या दोन चकत्यांवर पोलादी पट्टी आडवी ठेवावी, पलीकडे दिवा धरावा, आणि पट्टीखालून उजेडाची फट दिसते का तें पाहावें. फटींत फिलर गेजचीं पातळ पातीं सारून ती किती तें ठरवावें. कसलेला डोळा एवढ्यावर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत पोंचतो. त्यापुढचें काम डायलचें. घड्याळासारखी तबकडी एका दंडाला बांधावयाची, तिचें बोट दुसर्‍या दंडावर टेकवावयाचें, आणि दोन्ही दंड फिरवून कांटा किती हलतो तें पाहावयाचें. कांटा शतांश मिलिमीटर दाखवितो. मात्र खर्‍या फरकाच्या दुप्पट दाखवितो, हें विसरलें तर काम बिघडलें. शिवाय तबकडी ज्या दांडीवर बसते ती दांडी स्वतःच्या वजनानें वांकते. वर असतांना एक वांक, खालीं असतांना उलटा. तो वांक आधीं एखाद्या जाड नळीवर मोजून ठेवून प्रत्येक वेळीं वजा करावा लागतो. आमच्या मिस्त्रींजवळ तेलानें काळी पडलेली एक वही होती. तींत प्रत्येक दांडीचा वांक लिहिलेला असे. ही वही मीं पुष्कळ वेळां पाहिली होती. ती उघडून मात्र कधीं पाहिली नव्हती.

प्रकाशाला वजन नाहीं आणि म्हणून वांक नाहीं, या एका गुणावर नव्या साधनाची सारी प्रतिष्ठा उभी आहे. पहिला लेसर अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं १९६० सालीं चालू करून दाखविला. यंत्रांचे दंड जुळविण्यासाठीं त्याचा उपयोग करणारें साधन बाजारांत येण्यास १९८४ साल उजाडलें. म्यूनिकजवळच्या प्रुफटेक्निक या जर्मन संस्थेनें तें आणलें आणि त्याचें नांव ऑप्टालाइन ठेवलें. पुढें स्वीडनमधील गोटेनबर्गशेजारच्या मोल्न्दाल गांवचे कारखानदारहि या धंद्यांत नांवाजले. रचना सांगावयास सोपी आहे. दोन्ही दंडांवर सांखळीनें एकेक डोकें बांधावयाचें. एकांतून तांबडा किरण निघतो, दुसर्‍यांतील संवेदक पडद्यावर पडतो. दंड थोडे फिरविले कीं ठिपका पडद्यावर सरकतो, आणि त्याच्या सरकण्यावरून मोटर कोणत्या पायाखालीं किती उचलावी, कोणत्या बाजूस किती ढकलावी, याचा हिशेब यंत्र आपोआप मांडतें. किरणाची शक्ति एक मिलिवॉटहून कमी असते, तरी त्यांत डोळे घालून पाहूं नये.

सोपें आहे खरें. पण विकत घेऊं लागलें कीं त्याचे सोपेपणाचे पदर एकेक करून सुटतात. कोणीं एकाच किरणावर भागवितो, कोणी दोन्ही डोक्यांतून दोन किरण समोरासमोर सोडतो. कोणाचा पडदा रंगीत, कोणाचा बोटानें चालणारा. एकाच्या पत्रकांत तर यंत्राचें चित्र सर्व अंगांनीं फिरतांना दाखविलें होतें, तें पाहून आमचे हिशेबनीस फार प्रसन्न झाले. आणि गंमत अशी कीं शतांश मिलिमीटरच्या गोष्टी करणारीं हीं तिन्ही साधनें प्रारंभींच तुम्हांला एक साधा टेप घ्यावयास लावतात. डोक्यापासून डोकें किती, कपलिंगपासून मोटरीचा पुढचा पाय किती, पुढच्या पायापासून मागचा किती, हीं अंतरें माणसानेंच मोजून सांगावयाचीं. तेथें चूक झाली तर यंत्र ती चूक मोठ्या आत्मविश्वासानें, दोन दशांश स्थळांपर्यंत, परत करतें.

मीं ठरविलें कीं पत्रकें मिटून ठेवावयाचीं आणि तिन्ही साधनें त्या इंजेक्शन पंपावरच लावून पाहावयाचीं. आमच्या गृहिणीचा प्रश्न मनांत होताच. म्हणून मिस्त्रींनाहि उभें राहण्यास सांगितलें. ते आले, आणि हात पाठीमागें बांधून भिंतीशीं उभे राहिले.

परीक्षा दोनच ठेवल्या होत्या. ज्यांच्यावर असली खरेदी करण्याची वेळ येईल त्यांनीं त्या अवश्य कराव्या. पहिली अशी: कांहींहि न हलवितां एकच जोडी तीनदां मोजावयाची. तिन्ही उत्तरें एक-दोन शतांशांत जुळलीं पाहिजेत. दुसरी अशी: मोटरीच्या चारहि पायांखालीं अर्ध्या मिलिमीटरची पत्री सारावयाची आणि यंत्र अर्धाच मिलिमीटर सांगतें का पाहावयाचें. पहिल्या दिवशींचें साधन सर्वांत स्वस्त होतें. त्याच्या तीन उत्तरांत आठ शतांशांचा फरक पडला, म्हणजे जेवढी चूक शोधावयाची तेवढी त्याची स्वतःचीच. विक्रेता म्हणाला कीं दारांतून येणार्‍या उन्हामुळें तसें झालें. तें खरेंहि असेल. पण आमच्या पंपगृहाला दार आहे आणि त्यांतून ऊन येतें. कारखान्यांत वाफहि असते. वाफेच्या नळाजवळ किरण चैत्रांतल्या सडकेवरील हवेसारखा थरथरतो, आणि पडद्यावरचे आंकडे त्याच्याबरोबर नाचतात. हें पत्रकांत कोठेंहि छापलेलें नव्हतें.

दुसर्‍या दिवशींचें साधन दिसावयास सामान्य होतें, पण दोन्ही परीक्षांत उतरलें. 'लंगडा पाय'हि त्यानें दाखविला. मोटरीचे चार पाय बैठकीवर सारखे टेकलेले नसले, तर एकाचा बोल्ट आंवळतांच सारी मोटर पिळवटते. हॉटेलांत डुगडुगणार्‍या टेबलाच्या पायाखालीं आपण कागदाची घडी घालतों, तोच हा रोग. एक पाय अकरा शतांश उचललेला निघाला. मीं मिस्त्रींकडे पाहिलें. ते म्हणाले, "मागचा डावा. मीं पत्री घातली होती, ती बेअरिंग बदलतांना रात्रपाळीनें काढली असेल."

मग ते प्रथमच भिंतीपासून पुढें आले आणि विक्रेत्याला म्हणाले, "भाऊ, एखादा बोल्ट ढिला करतांना पंप जागचा हलला, तर तें तुमच्या यंत्रांत त्याच वेळीं दिसेल का? कीं पुनः सगळें फिरवून मोजायला लागेल?"

"त्याच वेळीं दिसेल, काका. डोकें वर ठेवलें तर वरखालीं, आडवें ठेवलें तर आडवें. दोन्ही एकदम नाहीं दिसणार."

"चालेल. दोनदां बघूं."

त्यांनीं पाना घेतला. मला न विचारतां पंपाच्या शोषण-पाईपाच्या जोडाशीं बसले आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे ढिले करूं लागले. मी पडद्यापाशीं होतों. तिसर्‍या बोल्टाला आंकडा हलला. पांचव्याला धांवूं लागला. सगळे बोल्ट सुटले तेव्हां पंपाचा आंस ०.३४ मिलिमीटर वर आलेला होता, आणि पाईपाचें तोंड पंपाच्या तोंडापासून बोटभर बाजूला सरकून उभें होतें. पाईप जोडतांना दंड ०.०५ मिलिमीटरपेक्षां अधिक हलूं नये असा संकेत आहे. येथें जवळजवळ सातपट.

कोणी कांहीं बोललें नाहीं. बोलण्यासारखें माझ्याचजवळ होतें. २०१३ च्या पावसाळ्यांत तो पाईप एका ठेकेदारानें बदलला होता. पाईपाचीं भोकें पंपाच्या भोकांशीं जुळत नव्हतीं, आणि त्याच्या माणसांनीं चेनब्लॉक लावून पाईप ओढून बोल्ट घातले, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते. पाईप कापून पुनः जोडावयाचा म्हणजे चार दिवस जाणार. मीं बिलावर सही केली. पुढें सहा महिने तो पाईप पंपाला रात्रंदिवस ओढीत राहिला. मिस्त्री मोटर पंपाशीं जुळवून देत, आणि पाणी व भार यांनीं पाईप पुनः हलला कीं पंप आपली जागा सोडी. सहा महिन्यांपूर्वीं डायलवर त्यांना जें दिसलें, तेंच आतां मला पडद्यावर दिसत होतें. फरक एवढाच कीं पडद्यावरचें मीं तत्काळ खरें मानलें. तीस हंगामांच्या माणसाला मीं तीन शब्द उच्चारावयास दिले होते, आणि ज्याच्याशीं कालपर्यंत ओळख नव्हती त्या डबीचा शब्द मात्र मीं शंका न घेतां उचलला. याचें कारण मीं पुष्कळ शोधलें आहे. डबी माझी सही पाहात नव्हती, हें एक असावें.

तिसरें साधन दुसर्‍या दिवशीं ठरल्याप्रमाणें आलें. तें खरोखर उत्तम होतें. वरखालीं आणि आडवी अशा दोन्ही हालचाली तें एकदम दाखवी, आणि दंड थोडासा फिरविला तरी त्याला पुरे. किंमत दुसर्‍याच्या दुपटीहून अधिक. हिशेबनिसांचें मत त्यालाच होतें. मीं त्या दिवशीं, आयुष्यांत उशिरां शिकलेली गोष्ट केली: मिस्त्रींना बाजूस घेऊन विचारलें, "तुम्हांला कोणतें हवें?"

त्यांनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. तिन्ही डबे हातांत घेऊन पाहिले, सांखळ्या आंवळून पाहिल्या. मग म्हणाले, "कालचं. त्यांत बाजारांतले सेल बसतात. बटनं हातमोज्यानं दाबतां येतात. आणि पोरांना संध्याकाळपर्यंत येईल." थोडें थांबून म्हणाले, "आणि साहेब, उरलेल्या पैशांत पाईपाचा तुकडा करूं."

त्यांत मीं दोन प्रश्नांची भर घातली. ठराविक काळानें होणारी तपासणी आपल्या देशांतच होते, कीं डबा समुद्रापार पाठवावा लागतो? आणि डोकें पडून फुटलें तर दुसरें किती दिवसांत मिळतें? दोन्ही उत्तरें समाधानकारक निघालीं, आणि आम्हीं दुसरें साधन घेतलें. निवड अगदीं निर्दोष होती असें मात्र म्हणवत नाहीं. दोन वर्षांनीं टर्बाइनचें काम निघालें तेव्हां तें साधन तोकडें पडलें, आणि बाहेरून माणसें बोलवावीं लागलीं. महागडें घेतलें असतें तर तो खर्च वांचला असता, हें हिशेबनिसांनीं मला ऐकविलें, आणि तें बरोबर होतें.

साधन आल्यावर एक गोष्ट मात्र त्यानें मिस्त्रींना नवी शिकविली असें मला वाटलें होतें. मोटर चालून तापली कीं ओतीव लोखंड वाढतें. ज्या मोटरीचा आंस पायापासून ३१५ मिलिमीटर उंच आहे, ती चाळीस अंशांनीं तापली तर आंस सुमारें ०.१३ मिलिमीटर वर चढतो; थंड पाण्याचा पंप मात्र जेथल्या तेथें राहतो. म्हणून थंड असतांना दोन्ही आंस अगदीं एका रेषेंत ठेवणें हीच चूक. मोटर तेवढी खालीं ठेवावी लागते. यंत्रांत हा आंकडा आधीं भरतां येतो. मी मोठ्या उत्साहानें तें समजावून देऊं लागलों. मिस्त्रींनीं ऐकून घेतलें आणि काळी वही उघडून माझ्यापुढें धरली. इंजेक्शन पंपाच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें: 'मोटर बारा शतांश बसकी ठेवणें.' खालीं साल होतें १९९८.

दुसर्‍या दिवशीं सकाळच्या बैठकींत, फेब्रुवारींत जे हजर होते ते सर्व हजर असतांना, मीं सांगितलें कीं त्या दोन बेअरिंगांचा दोष मिस्त्रींचा नव्हता. पाईपाचा होता, आणि पाईप माझ्या सहीनें बसला होता. वाक्य लहानच होतें, पण तें म्हणतांना घसा कोरडा पडला. मिस्त्रींनीं मान वर केली नाहीं. "पाईप कधीं कापायचा?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

पाईप जूनमध्यें कापला. नोव्हेंबरांत गाळप सुरूं झालें त्या पहांटे मी पंपगृहांत गेलों. मिस्त्री आधींच तेथें होते. नवें साधन आपल्या पेटींत बंद होतें; रात्रीं काम आटोपल्यावर पोरांनीं तें पुसून ठेवलें होतें. मिस्त्रींनीं लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक बेअरिंगच्या पेटीवर टेकविलें होतें आणि मुठीला कान लावला होता. मला पाहून त्यांनीं तो माझ्या हातांत दिला. "ऐका, साहेब."

मीं कान लावला. मला नुसती घरघर ऐकूं आली.

"कसं आहे?" त्यांनीं विचारलें.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालों.

त्यांनीं स्क्रूड्रायव्हर परत घेतला, पुनः कान लावला, आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग तो खिशांत अडकवून ते दुसर्‍या पंपाकडे वळले.